सुट्या भागांचे पत्ते

कुठून घेतलास, विचारतेस योगिता,
तर एका दुकानातून नाही घेतला.
लिहून घे.

जळगावला उतरलीस की गोलाणीत जा.
दुसऱ्या मजल्यावर टेकचंद.
मदरबोर्ड मागितला की तो विचारतो प्रोसेसर कुठला,
प्रोसेसर सांगितला की बजेट,
बजेट सांगितलं की टेबलफॅन स्वतःकडे वळवतो
आणि म्हणतो, तयार घेऊन जा ना ताई, हप्ते बांधून देतो.
तयार नको म्हण.
मग पहिल्यांदा नीट बघेल.
बोर्ड त्याच्याकडून. पक्कं बिल.
खोक्यात एक पत्र्याची पट्टी असते, तीही माग,
ती तो काढून ठेवतो.

प्रोसेसर पुण्याहून, कुरियरने.
धरणगावात कुरियरवाला आमच्या गल्लीपर्यंत येत नाही,
बियाण्यांच्या दुकानात टाकून जातो.
तीन दिवस माझा प्रोसेसर कपाशीच्या पाकिटांत होता.
न्यायला गेले तर मालक उलटसुलट करून बघतोय,
‘हाई कोनतं वान शे?’

रॅम टेकचंदकडे घेऊ नको.
सराफ बाजाराच्या मागच्या बोळात हसनभाई झारेकरी.
वडिलांनी सोनारांच्या उंबऱ्यापुढची माती धुतली,
गटारीचा गाळ धुतला,
हे मोडके बोर्ड घेतात किलोवर,
कडेच्या सोनेरी दातांसाठी.
पाटीभर कांड्या ॲसिडच्या वाटेवर.
यातल्या चालणाऱ्या कोणत्या, मी विचारलं.
म्हणाले, सोनं सगळ्यांत आहे,
जीव कशात आहे ते तू बघ.
अकरा उचलल्या, काट्यावर घातल्या,
भाचीच्या खोडरबराने एकेकीचे दात घासले.
दोन बोलल्या.
नऊ परत नेल्या तर त्यांनी पुन्हा वजन केलं
आणि झिजलेल्या सोन्याचे म्हणून
दोन रुपये कापून घेतले. हसत, पण घेतलेच.

हार्ड डिस्कचा पत्ता आता उपयोगाचा नाही.
यावलचं टायपिंग क्लासचं सामान निघालं होतं,
बाईंनी खुर्च्यांसोबत दिली.
आत एकच अर्ज, तीनशे बारा वेळा:
रजा मिळणेबाबत.
तीनशे बारा जणांना ताप, तीनशे बारा जणांच्या वेगवेगळ्या चुका.
एकीने ‘आपला विश्वासू’च्या खाली
स्वतःचं नाव टाकलंय, सुलभा भिला कोळी,
आणि तेवढंच ठळक केलंय.
डिस्क कोरी करून वापरायची असते.
नाही केली.

एसएमपीएस नवाच घे. इथे काटकसर नको.
आमच्या फिडरवर रात्री दोनला व्होल्टेज उसळतं,
शेजारच्यांचा टीव्ही त्यातच गेला.

कॅबिनेट मात्र इथलंच.
लोटन मिस्तरी, स्टँडमागे, कुलरचे पत्रे वाकवतो.
माप दिलं तर म्हणे, ‘इतला धाकला कुलर? पानी कथाईन टाकशी?’
पाणी नाही टाकायचं म्हटलं
तर दिवसभर मनातून हलला होता माणूस.
शेवटी तीन बाजूंना झापा पाडून दिल्या,
उरलेला हिरवा रंग मारला,
आणि सवयीने खाली
पाणी सोडायचं भोकही ठेवलं.
असू दे. मे महिन्यात शेहेचाळीसला
त्याच भोकातून हवा येते.

रात्री नऊला बटण दाबलं.
एकच बीप.
दोन झाल्या असत्या तर हसनभाईंकडे पुन्हा.

तारीख दाखवतोय एक जानेवारी दोन हजार नऊ.
तेव्हा मी सहावीत होते
आणि शाळेतला कॉम्प्युटर कापडाखाली झाकलेला असायचा,
हात लावायला बाईंना विचारावं लागे.
बोर्डावरचा छोटा सेल मेलाय, बाकी काही नाही.
तो टेकचंदकडे चाळीसला आहे.
तू हिंमत आप्पांकडे जा,
ते घड्याळं दुरुस्त करतात, पोस्टाच्या पायरीवर.
दहा रुपये.
कशाला हवाय, ते विचारत नाहीत.